रोज सकाळी एअर धरणारं मशीन

पहाटेचे चार. बर्फ भरून झालाय, जाळं रचून ठेवलंय, खलाशी आपापल्या जागी उभे आहेत. खाडीच्या तोंडावर वाळू साचलेली, त्यामुळे भरती आहे तोवरच बाहेर पडायचं. हातात तास-दीड तास. नौकेचे प्रमुख तांडेल सेल्फ मारतात, म्हणजे स्टार्टर फिरवतात. मशीन, म्हणजे नौकेचं इंजिन, गरगर फिरतं, पण उचलत नाही. पुन्हा मारतात. फिरतं, उचलत नाही. मग कुणीतरी पाना घेऊन खाली उतरतं, फिल्टरवरचा बोल्ट सैल करतं, हातपंप मारतं. फसफसत फेस येतो, ती डिझेलच्या नळीत अडकलेली हवा, म्हणजे एअर. मागून डिझेल येतं. बोल्ट आवळला, सेल्फ मारला, की मशीन एका झटक्यात चालू. दिवसभर काही तक्रार नाही. दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच.

आमच्या नौकेवर हे जवळपास तीन आठवडे चाललं. आमची गिलनेटची, म्हणजे पाण्यात उभं जाळं सोडणारी नौका, रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णै बंदराची. मशीन सहा सिलिंडरचं, चोवीस व्होल्टचा सेल्फ. आपल्याकडच्या बऱ्याच नौकांवर असतं तसंच, मुळात ट्रकच्या घराण्यातलं आणि नंतर समुद्रासाठी तयार केलेलं. त्या तीन आठवड्यांत दोन फिल्टर बदलले, एक बॅटरी बदलली, टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप उघडून बघितला. दोष निघाला तो भलत्याच ठिकाणी, आणि तो आधीच सापडला असता. आम्ही रोज एअर काढत होतो आणि त्यालाच दुरुस्ती समजत होतो. एअर आत शिरते कुठून, हे शोधायला बसलोच नाही. तुमचं मशीन असंच वागत असेल, तर पुढचं वाचून तुमचे तरी ते तीन आठवडे वाचावेत.

आधी कान लावा

आम्हाला शेवटी मार्ग दाखवला तो बंदरावरच्या एका वयस्कर मिस्त्रींनी. खाली उतरल्यावर त्यांनी पाना मागितलाच नाही. "एकदा सेल्फ मार आणि सगळे गप्प बसा," एवढंच म्हणाले.

मशीन चालू होत नाही या एका वाक्यात दोन अगदी वेगळ्या तक्रारी असतात. एक, मशीन फिरतच नाही. दुसरी, फिरतं पण उचलत नाही. पहिली तक्रार विजेची, क्वचित मशीन जाम झाल्याची. दुसरी बहुतेक वेळा डिझेलची. दोन्ही एकत्र करून शोधायला गेलं की माणूस बॅटरीही बदलतो, फिल्टरही बदलतो, आणि दोष जागच्या जागी राहतो. आमचं नेमकं हेच झालं.

चावी फिरवल्यावर काहीच आवाज आला नाही, तर फ्यूज, चावीचा स्विच, वायर आणि गिअर न्यूट्रलमध्ये आहे का ते बघा. टकटकटक असा भराभर आवाज आला तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचं टर्मिनल सैल आहे. एकच जोरदार 'टक्' होऊन पुढे शांतता, म्हणजे सॉलेनॉइडपर्यंत, सेल्फवरच्या विजेच्या स्विचपर्यंत, करंट पोहोचतोय पण सेल्फला पुरेसा मिळत नाही, किंवा सॉलेनॉइडच्या आतली संपर्काची जागा जळली आहे. सेल्फ एकटाच घूं करून फिरला आणि मशीन हललं नाही, तर बेंडिक्स, म्हणजे सेल्फचं दातेरी चाक, फ्लायव्हीलला, मशीनच्या जड चाकाला, धरत नाही.

एक आवाज मात्र वेगळा ओळखा. मशीन थोडं फिरून मध्येच धाडकन थांबतं, दगडाला धडकल्यासारखं. असं झालं तर पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असू शकतं. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

मशीन फिरतच नसेल तर

मल्टिमीटर चारपाचशे रुपयांत मिळतो. नौकेवर तो असायलाच हवा. पूर्ण चार्ज असलेली बारा व्होल्टची बॅटरी विश्रांतीत १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली गेली की तिच्या भरवशावर समुद्रात जायचं नाही. दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट केले असतील तर दोन्ही वेगवेगळ्या मोजा. एक चांगली आणि एक मेलेली अशी जोडी नेहमी आढळते, आणि बेरजेत ते कळत नाही.

पण नुसत्या उभ्या बॅटरीचा आकडा फसवतो. सेल्फ मारत असताना मोजा. त्या क्षणी एकेका बॅटरीचा व्होल्टेज साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरी थकली आहे. आणि बॅटरीवर अकरा व्होल्ट टिकून आहेत, तरी सेल्फ मलूल फिरतो, तर दोष वायरीत आहे.

समुद्रावर वायरीचाच दोष जास्त. खारी हवा टर्मिनलच्या आत शिरते, तांब्यावर हिरवी-पांढरी भुकटी धरते, वरून सगळं आवळलेलं दिसतं. तपासायची रीत सोपी आहे. मीटरची एक टोकणी बॅटरीच्या शिशाच्या पॉझिटिव्ह खुंटीवर ठेवा, दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर. वायरच्या टोकावरच्या कडीवर (लगवर) ठेवू नका, थेट खुंटीवर आणि थेट बोल्टवर ठेवा. आता कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. मीटरने अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं, तर तेवढा व्होल्टेज त्या वायरीत नाहक मरतोय. मग हेच अर्थिंगच्या बाजूने करा, बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीपासून सेल्फच्या अंगापर्यंत. अर्थिंगची वायर मशीनच्या तळाशी, बिल्जच्या, म्हणजे नौकेच्या तळाशी साचणाऱ्या, पाण्याजवळ असते आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. मीटर नसेल तर दोनचार वेळा सेल्फ मारून झाल्यावर एकेका जोडाला हात लावून बघा. जो जोड गरम लागतो, तोच खराब.

जोड उघडायचा, सँडपेपरने धातू चमकेपर्यंत घासायचा, घट्ट आवळायचा आणि मग वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस लावायचं. ग्रीस आधी लावून मग आवळू नका. आणि बॅटरीवर पाना चालवताना निगेटिव्ह आधी काढा, शेवटी जोडा. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि बंद मशीनघरात एक ठिणगी पुरते.

फिरतं, पण उचलत नाही

डिझेल मशीनला ठिणगी देणारा प्लग नसतो. हवा इतकी दाबायची की ती पाचशे अंशांच्या पुढे तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नोझलने डिझेलचं धुकं सोडायचं. पेट आपोआप घेतं. म्हणजे मशीनला लागतं काय, तर हवा, दाब आणि योग्य वेळी डिझेल. वेगाने फिरणं हीसुद्धा दाबाचीच अट आहे. हळू फिरणाऱ्या मशीनमध्ये दाबलेली हवा तापेपर्यंत निसटून जाते. म्हणून सेल्फ मलूल असेल तर आधी तो प्रश्न सोडवा, मग डिझेलकडे वळा.

पाना हातात घेण्याआधी दोन मिनिटांत बघायच्या गोष्टी. बंद करायची केबल पूर्ण परत गेली आहे का? मिठाने ती अर्ध्यात अडकते, आणि नोझलला डिझेल देणारा इंजेक्शन पंप बंदच्याच जागी राहतो. ज्या मशीनवर केबलऐवजी विजेवर चालणारा सॉलेनॉइड आहे, तिथे त्याला करंट मिळतोय का? टाकीचा कॉक उघडा आहे का? टाकीत डिझेल काठीने मोजलंय का? काट्यावर विश्वास ठेवू नका. हे चार प्रश्न सोडवून कितीतरी सकाळी वाचल्या आहेत.

मग धूर बघा. सेल्फ मारताना धुराड्यातून धूर अजिबात नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचतंय पण जळत नाही. मशीन हळू फिरतंय, दाब कमी आहे, किंवा डिझेलमध्ये पाणी आहे. काळा धूर म्हणजे हवा कमी. एअर फिल्टरमध्ये बोळा, चिंधी, उंदराचं घरटं असं काहीही असू शकतं, विशेषतः पावसाळ्यात नौका बांधून ठेवल्यावर.

आमच्याकडे धूर नव्हता. म्हणजे अर्थ स्वच्छ होता, पण तो आम्ही वाचला नाही.

पाणी आणि चिखल

पाणी डिझेलपेक्षा जड. ते टाकीच्या तळाशी बसतं. नौका उभी असताना तळाशीच राहतं, बाहेर लाट लागली की ढवळून नळीत येतं. म्हणून बंदरात व्यवस्थित चालणारं मशीन खुल्या समुद्रात गचके खातं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात, तिथे सूक्ष्मजीव वाढतात आणि काळसर बुळबुळीत थर धरतो. फिल्टर उघडल्यावर हाताला शेवाळासारखा चिखल लागला, तर तो हाच. नुसता फिल्टर बदलून तो जात नाही, टाकी रिकामी करून धुवावीच लागते.

रोज सकाळी सेल्फ मारण्याआधी पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरच्या तळाचा कॉक उघडून काचेच्या ग्लासभर डिझेल काढा आणि उजेडात धरा. पाणी खाली वेगळं दिसेल. एक मिनिटाचं काम आहे, फक्त संध्याकाळी बंदरात आल्याआल्या करून उपयोग नाही. रात्रभर सगळं स्थिर बसल्यावर, पहाटे करायचं.

एअर कशी काढायची

रीत बहुतेकांना माहीत असते, पण क्रम चुकतो. क्रम टाकीकडून नोझलकडे. आधी पाण्याच्या फिल्टरवरचा बोल्ट, मग बारीक फिल्टरवरचा, मग इंजेक्शन पंपावरचा, आणि सर्वात शेवटी नोझलकडच्या नळ्यांचे नट. पुढचा बोल्ट आधी उघडून मागची एअर काढता येत नाही, ती पुन्हा पुढे येते.

बोल्ट एक-दीड फेरा सैल करा, पूर्ण काढू नका. खाली डबा धरा. फीड पंपाचा हातपंप मारा. फेस, मग बुडबुडे, मग सलग धार. धार सलग आल्यावरही आणखी दहा-बारा वेळा मारा आणि मारता मारताच बोल्ट आवळा. थांबून आवळलात तर तेवढ्यात एअर पुन्हा आत जाते.

हातपंपाचे दोन प्रकार. एकात दांडी असते. ती कधीकधी अगदी सैल लागते, कितीही मारा, काही ओढत नाही. पंप बिघडलेला नसतो, आत त्याला ढकलणारा कॅम वर येऊन थांबलेला असतो. सेल्फचा एक हलका झटका देऊन मशीन थोडं फिरवा, दांडीला जोर येईल. दुसऱ्या प्रकारात वरची मूठ फिरवून मोकळी करायची आणि वरखाली करायची. काम झालं की ती मूठ खाली दाबून पुन्हा घट्ट फिरवायची. ती सैल राहिली तर तिच्याच बाजूने एअर शिरते. ही चूक मी स्वतः पाहिली आहे, आणि ती करणारा माणूस वीस वर्षं मशीनवर काम केलेला होता.

नोझलकडचे नट सोडताना रेस (अॅक्सिलरेटर) पूर्ण उघडी ठेवा, नट अर्धा फेरा सैल करा, सेल्फ मारा, प्रत्येक नळीतून थेंब उडायला लागले की एकेक नट आवळा. इथे हात दूर ठेवा. नोझलच्या नळीतला दाब शेकडो किलोंचा असतो. बारीक छिद्रातून उडालेली डिझेलची धार कातडीच्या आत शिरते, वरून टोचल्यासारखी खूण दिसते आणि आत मांस सडतं. गळती शोधायची तर पुठ्ठा पुढे धरा, बोट फिरवू नका. असं झालंच तर जखम लहान दिसतेय म्हणून घरी न बसता लगेच दवाखाना गाठा आणि डिझेल शिरलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये किमान अर्धा मिनिट थांबा. सेल्फची गुंडाळी जळते ती याच घाईत.

तोच दोष परत परत येतो तेव्हा

आता मूळ गोष्ट. एअर काढली, मशीन चालू झालं, सकाळी पुन्हा तेच. याचा अर्थ एकच. रात्रीत कुठूनतरी हवा शिरते आणि नळीतलं डिझेल टाकीकडे परत उतरतं.

इथे माणूस फसतो ते एका कारणाने. आपण गळती शोधतो, म्हणजे ओलं कुठे आहे ते बघतो. पण टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढणारी बाजू आहे. तिथे बाहेरच्यापेक्षा आत दाब कमी असतो. तिथलं छिद्र डिझेल बाहेर सोडत नाही, हवा आत घेतं. नळी कोरडी ठणठणीत दिसते. आम्ही रोज टॉर्च मारून बघत होतो आणि सगळं कोरडं बघून समाधान मानत होतो.

मिस्त्रींनी एकच प्रश्न विचारला. "टाकी भरल्यावर काय होतं?"

विचार केल्यावर आठवलं. टाकी काठोकाठ भरली की दोन-तीन दिवस मशीन नीट चालू व्हायचं. आम्ही तेव्हाच काहीतरी बदललेलं असायचं, एकदा फिल्टर, एकदा बॅटरी, आणि वाटायचं की त्यानेच फरक पडला. टाकी निम्म्याखाली गेली की पुन्हा रडगाणं. टाकी भरलेली असताना डिझेलची पातळी नळीच्या वर असते, त्यामुळे डिझेल परत उतरत नाही. पातळी खाली गेली की उतरतं. तुमच्याकडेही असं होत असेल तर ओढणाऱ्या बाजूलाच शोध घ्या. इंजेक्शन पंप उघडायला कुणी सांगितलं तरी उघडू नका.

मग त्यांनी एक स्वच्छ कॅन मागवला. त्यात डिझेल भरलं, कॅन टाकीच्या तळाच्या पातळीला ठेवला, आणि कॅनमधून नवी होज थेट फीड पंपाला जोडली. मी कॅन वर टांगायला निघालो होतो, त्यांनी थांबवलं. उंचावरून डिझेल आपल्या वजनाने उतरतं, आणि फीड पंपाची झडप खराब असली तरी ते झाकलं जातं. पंपाला ओढायला लावलं पाहिजे. मशीन चालवून एअर काढली, बंद केलं, रात्र जाऊ दिली. सकाळी पहिल्याच झटक्यात चालू. म्हणजे फीड पंप आणि त्याच्या पुढचं सगळं निर्दोष. दोष टाकी आणि फीड पंप यांच्या मधे. कॅनवर चालवताना लक्ष ठेवा, परतीचं डिझेल मूळ टाकीत जातं, कॅन वाटतो त्यापेक्षा लवकर संपतो.

पुढचं काम पारदर्शक नळीचं. गवंडी पाणसळ बघायला वापरतात तसलीच, हार्डवेअरच्या दुकानात फुटावर मिळते. तिचा हातभर तुकडा आधी फीड पंपाच्या तोंडाशी बसवला. मशीन चालू केलं. टॉर्च धरली. पिवळट डिझेलच्या धारेत मोहरीएवढे बुडबुडे, तीन-चार सेकंदांनी एक. फार नाहीत. पण रात्रभरात तेवढे पुरतात.

मग तोच तुकडा काढून पाण्याच्या फिल्टरच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला बसवला. आमची सगळ्यांची खात्री होती की दोष फिल्टरच्या रबरी रिंगेत आहे. ती दोनदा बदलली होती. पण बुडबुडे इथेही दिसले. म्हणजे फिल्टर सुटला. मग टाकीच्या कॉकला लागून बसवला. तिथे धार स्वच्छ, एकही बुडबुडा नाही. राहिली ती मधली पाच फूट तांब्याची नळी.

नळी एका लाकडी आडव्या फळीतून जात होती आणि तिथे एका क्लिपने आवळलेली होती. मिस्त्रींनी त्या जागी बोटाने जाड ग्रीस थापलं. बुडबुडे थांबले. क्लिप काढली तर खाली तांब्यावर घासून गुळगुळीत झालेला पट्टा, आणि त्याच्या मधोमध केसाएवढी हिरवट रेघ. मशीनच्या थरथरीने नळी क्लिपमध्ये वर्षानुवर्षं घासत होती. क्लिपच चीर झाकत होती.

हे ग्रीसचं तंत्र लक्षात ठेवा. चालू मशीनवर ओढणाऱ्या बाजूच्या एकेका जोडाला जाड ग्रीस लावत जायचं. ज्या जोडाला लावल्यावर बुडबुडे थांबतात, तोच. मात्र पट्टे, फिरते भाग यांच्यापासून हात, गळ्यातला रुमाल लांब ठेवा. पारदर्शक नळी फक्त शोधापुरती. डिझेलने आणि उष्णतेने ती कडक होऊन तडकते, कायम ठेवायची नाही.

ओढणाऱ्या बाजूला एअर शिरण्याच्या नेहमीच्या जागा अशा: जुनेच परत लावलेले तांब्याचे वॉशर, फिल्टरची चुरगळलेली रिंग, होजवरची सैल क्लिप, वरून ठीक पण आतून सुटलेली रबरी होज, हातपंपाची झिजलेली सील, टाकीतल्या ओढनळीचा वरचा नट. तांब्याचा वॉशर एकदा दाबला की कडक होतो. दरवेळी नवा लावा, तो काही महाग नाही.

आम्ही नळी बदलली, फळीतल्या भोकात रबराचं बुश बसवलं, आणि मशीनकडच्या टोकाला हातभर डिझेलची चांगली होज टाकली, म्हणजे थरथर तांब्यापर्यंत जात नाही.

सिलिंडरमध्ये पाणी

ज्या मशीनचं धुराडं ओलं आहे, म्हणजे थंड करून आलेलं समुद्राचं पाणी धुरासोबतच बाहेर पडतं, त्यांनी हे नीट वाचा. सेल्फ मारत राहिलं की पाण्याचा पंप पाणी ओढतच राहतो, पण मशीन चालू नसल्याने ते बाहेर फेकणारा धूर नसतो. मफलर भरतो आणि पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. तीन-चार प्रयत्नांत मशीन उचललं नाही, तर समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करून मगच पुढचे प्रयत्न करा. आणि चालू झाल्याबरोबर तो उघडा, त्यासाठी एक माणूस तिथेच उभा ठेवा.

मशीन धाडकन अडलं असेल तर नोझल उघडा आणि फ्लायव्हील हाताने फिरवा. पाणी बाहेर उडेल. ऑइलची काठी बघा. ऑइल दुधासारखं झालं असेल तर ते लगेच बदला, मशीन त्याच दिवशी चालवा, पुन्हा बदला. खारं पाणी आत ठेवून एक रात्र काढली तर सिलिंडरला गंज धरतो.

ईथरचा स्प्रे मारून चालू करायची सवय लावू नका. थंड मशीन तापवणारा हीटर प्लग असलेल्या मशीनवर तर मुळीच नाही, स्फोट होतो.

बाहेर लावायची मोटार असेल तर

तारकर्ली, देवबागकडे पर्यटनाच्या होड्यांवर आणि अनेक लहान मासेमारी होड्यांवर पेट्रोलची मोटार असते. तिथे क्रम वेगळा. आधी किल स्विचची, म्हणजे ओढली की मोटार बंद करणाऱ्या स्विचची, दोरी जागेवर आहे का, मग टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का. तो बंद असला की मोटार पंधरा-वीस मिनिटं चालते आणि बंद पडते, थोड्या वेळाने पुन्हा चालू होते. पेट्रोलच्या नळीवरचा रबरी बल्ब दाबून कडक होतो का बघा. कधीच कडक होत नसेल तर जोडाच्या रिंगेतून एअर जातेय. दोरी फार वेळा ओढून पेट्रोलचा वास यायला लागला तर चोक बंद करा, प्लग काढून पुसा, प्लग लांब ठेवून आणि किल स्विचची दोरी काढून चार वेळा दोरी ओढा, मग लावा.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल ओलावा ओढतं, आणि ओलावा जास्त झाला की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळं बसतं. पावसाळाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल ऑगस्टमध्ये मोटारीला देऊ नका. काचेच्या बाटलीत काढून बघा, दोन थर दिसले तर फेका, अर्थात समुद्रात नाही.

पावसाळ्याआधी आणि नंतर

१ जून ते ३१ जुलै नौका बांधलेली असते. ऑगस्टमध्ये पहिल्याच दिवशी मशीन अडतं, त्याचं कारण मे महिन्यातलं असतं. डिझेलची टाकी भरून ठेवा. रिकाम्या जागेत दमट हवेचं पाणी होतं. बॅटऱ्या घरी न्या, महिन्यातून एकदा चार्ज करा. ऑइल नौका बांधण्याआधी बदला, जुन्या ऑइलमधलं आम्ल दोन महिने बेअरिंग खातं. धुराड्याचं तोंड झाका आणि झाकलंय याची चिठ्ठी चावीला बांधा. पंधरवड्याने एकदा बंद करायची केबल ओढून धरून मशीन हाताने दोन फेरे फिरवा.

आणि हंगामात, समुद्रात मशीन बंद पडलं तर खाली उतरण्याआधी नांगर टाका. पाणी खोल असेल तर निदान नौकेचं तोंड लाटेकडे राहील असं काहीतरी दोरावर सोडा. खडकाकडे किंवा खाडीच्या वाळूकडे वाहत जात असताना एअर काढत बसायला वेळ नसतो. व्हीएचएफ वायरलेसच्या १६ नंबरच्या चॅनलवर आजूबाजूच्या नौकांना आधी कळवा, मदत लागली तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४ आहे. आधी कळवल्यावर मशीन चालू झालं तर कुणी रागावत नाही.

दुरुस्ती खरी झाली का, हे कळायची एक खूण आहे. टाकी निम्म्याखाली असताना मशीन रात्रभर बंद ठेवा. सकाळी सेल्फ मारण्याआधी हातपंप मारा. पहिल्याच दाबाला कडक लागला, तर नळीत डिझेल जागेवर उभं आहे. आठ-दहा वेळा पोकळ गेला आणि मग कडक झाला, तर हवा अजून शिरते आहे. आम्ही नळी बदलल्यावर सलग आठवडाभर हे बघितलं. आठव्या दिवशी टाकी अगदी तळाला होती, काठीला चार बोटं डिझेल. हातपंप पहिल्या दाबाला कडक लागला, आणि तांडेलांनी सेल्फला हात लावताक्षणी मशीन उचललं.